खालची हवा, वरची हवा

प्रस्तावना

ही पुस्तिका एका लहान शेगडीबद्दल आहे. एकात एक बसवलेले दोन पत्र्याचे डबे, तळाशी एक सरकते दार आणि वरच्या कडेखाली भोकांची रांग, एवढीच तिची यंत्रणा. तिला कोणी गॅसिफायर शेगडी म्हणते, कोणी लाकूडगॅसची चूल. पत्रा किती जाडीचा, भोके कुठे आणि किती, वेल्डिंग कुठे करायचे, हे सगळे पुढच्या प्रकरणांत आहे. इथे मला त्या मापांमागचा विचार सांगायचा आहे. ही शेगडी सुधारायची म्हणजे तिची हवा सुधारायची. खालून थोडी आणि वरून पुष्कळ ही वाटणी जमली की करवंटी असो की काजूची फांदी, ती धुराशिवाय जळते. वाटणी चुकली की चांगले वाळलेले लाकूडही डोळ्यांतून पाणी काढते.

सिंधुदुर्गातल्या बांद्यात हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : आता घरोघरी सिलिंडर आहे, मग चुलीचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. चहा, फोडणी, सकाळची भाजी गॅसवर होते आणि ती तिथेच व्हावी. पण आंघोळीच्या पाण्याचे भाण गॅसवर कोणी चढवत नाही. उकड्या तांदळाची पेज तासभर रटरटत ठेवायला सिलिंडर परवडत नाही. भात उकडायचा असो, चतुर्थीला घरभर माणसे जमल्यावर वडे तळायचे असोत, की आमसुलांच्या दिवसांत रातांब्यांचे काम असो, मागच्या दारी चूल पेटतेच. इंधन तर आवारातच पडलेले असते : माडाची चुडते, पिडे, सोडणे, करवंट्या, काजूच्या आणि आंब्याच्या छाटणीतला पसारा. त्याला पैसे पडत नाहीत म्हणून त्याच्या धुराचाही हिशेब कोणी करत नाही.

तो हिशेब मोठा आहे. घरातल्या चुलींच्या आणि रॉकेलच्या धुरामुळे जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकाला प्रामुख्याने स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात ५९ टक्क्यांच्या आसपास होती. खेड्यांत तर निम्म्याहून कमी. शिवाय ‘प्रामुख्याने’ या शब्दात मागच्या दारची चूल येत नाही. गॅसचे कनेक्शन आणि पेटती चूल ही दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात. ही पुस्तिका त्या दुसऱ्या चुलीसाठी आहे.

लाकूड कसे जळते ते आधी नीट पाहू. आगपेटीची काडी पेटवून आडवी धरा आणि ज्योत काडीच्या मध्यावर येईपर्यंत थांबा. बारकाईने पाहिले तर ज्योत लाकडाला चिकटलेली नसते. दोघांत एक बारीक काळसर फट दिसते. त्या फटीत वायू असतो. उष्णतेने लाकूड विघटित होऊन त्यातून वायू बाहेर पडतो, तो थोडा वर जाऊन हवेत मिसळतो आणि मग पेटतो. म्हणजे आपण ज्याला लाकूड जळणे म्हणतो ते बहुतांशी लाकडातून निघालेल्या वायूचे जळणे असते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ ८० टक्के भाग असा वायुरूप होऊन निघून जातो. जे उरते तो कोळसा, आणि त्याच्या शेवटी चिमूटभर राख.

या वायूला जळायला तीन गोष्टी लागतात : पुरेशी हवा, पुरेसे तापमान आणि दोघांची नीट मिसळण होण्याइतका वेळ. तीन दगडांच्या चुलीत यातले काहीच हुकमी मिळत नाही. थंड हवा चहूबाजूंनी आत येते, टोपाचे थंड बूड ज्योतीला मध्येच विझवते आणि अर्धवट जळालेला वायू धूर होऊन पडवीत पसरतो. टोपाच्या बुडाची काजळी, कौलांखालच्या वाशांवरचा काळा चिकट थर, डोळ्यांची चुरचुर, हे सगळे न जळता फुकट गेलेले इंधन आहे. धूर कमी करणे आणि लाकूड वाचवणे ही म्हणूनच दोन वेगळी कामे राहत नाहीत.

गॅसिफायर शेगडीत वायू तयार होणे आणि वायू जळणे या दोन क्रिया वेगळ्या जागी घडवतात. आतला डबा इंधनाच्या तुकड्यांनी भरायचा आणि पेटवायचे वरून. नेहमीच्या चुलीवर हात बसलेल्या माणसाला हे उलटे वाटते. वरचा थर पेटला की त्याची धग खालच्या थराला लागते, तो तापून वायू सोडतो, मग त्याच्याखालचा. अशी आगीची एक आडवी पट्टी हळूहळू खाली सरकत जाते. पंखा नसलेल्या लहान शेगडीत ती मिनिटाला फार तर एखादा सेंटिमीटर उतरते. पट्टीच्या वर तापलेला कोळसा आणि खाली अजून न पेटलेले इंधन. पट्टीला जिवंत ठेवण्यापुरती हवा तळातून येते. ती मुद्दामच अपुरी असते, म्हणून वायू तिथे जळून संपत नाही. तो तापलेल्या कोळशातून वर चढतो आणि कडेखालच्या भोकांतून येणारी गरम हवा त्याला तिथे भेटते. ज्योत त्या ठिकाणी उभी राहते. शेगडी नीट चालत असेल तर वरून पाहताना भोकाभोकाला आगीची एकेक जीभ आत वळलेली दिसते आणि इंधनाच्या पृष्ठभागावर जवळजवळ काही जळताना दिसत नाही.

या रचनेला फार जुना इतिहास नाही. अमेरिकेतले टॉम रीड आणि नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो यांनी १९८० च्या दशकात, एकमेकांना ठाऊक नसताना, वरून पेटणाऱ्या शेगडीची कल्पना विकसित केली. लाकडाचा वायू मात्र आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीचा होता. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा मोटारींच्या मागे लाकडाची किंवा कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर गाड्या चालवत. त्या भट्टीतला वायू थंड करून, गाळून मग इंजिनात घ्यावा लागे. शेगडीला ती कटकट नाही. वायू तयार होतो त्याच्या वीतभर वर तो जळून जातो, त्यामुळे डांबर साचण्याआधीच त्याचा निकाल लागतो.

महाराष्ट्रात चूल सुधारण्याची परंपरा वरून पेटणाऱ्या शेगडीहून जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या प्रयोगांतून ‘मगन चूल’ आली. पुढे १९८३ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारच्या सुधारित चुलींच्या कार्यक्रमात देशभर ३ कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक काही वर्षांत मोडल्या किंवा त्यांची धुराडी तुंबली आणि घरातल्या बाईने निमूटपणे जुनी चूल पुन्हा मांडली. चूल बसवण्याचे उद्दिष्ट होते, ती चालते की नाही हे पुन्हा येऊन पाहण्याचे नव्हते. १९९६ साली पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळवला. संस्थेच्या चुलींच्या कामातूनच ‘संपदा’ ही गॅसिफायर शेगडी पुढे आली. स्वयंपाक झाल्यावर हाती कोळसा उरतो ही तिची खुबी.

दुसरी वाट पंख्याची. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंद यांच्या गटाने पंखा लावलेली, शेतकचऱ्याच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी तयार केली. ती २००६ पासून ‘ऊर्जा’ नावाने बाजारात आली आणि २००९ मध्ये पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने तो व्यवसाय हाती घेतला. सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. तांत्रिकदृष्ट्या ती उत्तम होती. पण तिला लागणाऱ्या गोळ्यांचे दर चढत गेले आणि विकतच्या इंधनावर अवलंबून असलेल्या घरांनी ती हळूहळू बाजूला ठेवली. कंपनीनेही मोर्चा हॉटेलांसारख्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे वळवला. कोकणासाठी यातून मी एवढेच घेतो की आपल्या शेगडीने आपल्या माडाखाली पडलेले इंधन खाल्ले पाहिजे. त्यासाठी तिची हवा त्या इंधनाला बेतून द्यावी लागेल.

आता हवेचा हिशेब. एक किलो सुके लाकूड पुरते जळायला साधारण सहा किलो हवा लागते. हवेच्या आकारमानात सांगायचे तर पाच घनमीटर, म्हणजे छपरावरच्या हजार लिटरच्या पाच टाक्या भरतील एवढी. प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्तच लागते. यातली साधारण एक टाकी खालून यायला हवी आणि उरलेल्या चार वरून. सगळी शेगडी या एका प्रमाणावर उभी आहे.

खालची हवा वाढली तर काय होते? पट्टी भराभर खाली धावते, वायू भसाभस निघतो, तेवढ्या वायूला वरची हवा पुरत नाही. ज्योत लांब, पिवळी, धुरकट होते आणि टोप काळा पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, आग छान धडधडली आहे. खालची हवा फारच कमी केली तर पट्टी मरगळते, वायू पातळ होतो, ज्योत मधूनमधून विझते आणि मग पांढरा दाट धूर येतो. या दोन टोकांमधली जागा शोधणे हे त्या तळाच्या सरकत्या दाराचे काम आहे.

इथे आपली जुनी सवय आड येते. चूल धुमसली की हात फुंकणीकडे जातो. साध्या चुलीत ते बरोबरच आहे. पण पंखा नसलेली ही शेगडी कशावर चालते पाहा : गरम वायू हलका असतो, तो वर जातो आणि मागे ओढ निर्माण करतो. सहाशे अंश तापलेल्या वायूचा अर्धा मीटर उंचीचा स्तंभ असेल तर ही ओढ सुमारे चार पास्कल भरते. पाण्याच्या अर्ध्या मिलिमीटर थराचा दाबसुद्धा त्याहून जास्त असतो. फुंकणीतून मारलेल्या एका फुंकरीचा दाब या ओढीच्या शेकडो पट असतो. ती फुंकर तळात गेली की दोन हवांची सगळी वाटणी उधळते आणि राखेसकट ठिणग्या वर येतात. शेगडी धुमसत असेल तर फुंकायचे नाही. खालचे दार किंचित हलवायचे, आणि ज्योत विझली असेल तर तोंड बाजूला ठेवून वरून पेटती काडी दाखवायची. साचलेला वायू भपकन पेटतो, म्हणून तोंड लांब.

वाऱ्याचेही तसेच. सेकंदाला तीन मीटर वेगाची झुळूक, जिला आपण वारा म्हणतही नाही, तिचा दाब पाच पास्कलच्या वर असतो. म्हणजे शेगडीच्या स्वतःच्या ओढीपेक्षा जास्त. खळ्यात उघड्यावर ठेवलेली शेगडी एका बाजूने जळते आणि दुसऱ्या बाजूने धुमसते, ते यामुळे. तिला मागच्या पडवीचा आडोसा द्यावा, निदान दोन बाजूंनी तरी. मात्र आडोसा म्हणजे बंद खोली नव्हे. त्याबद्दल पुढे.

वरच्या हवेला दोन अटी आहेत. ती गरम हवी आणि ती मध्यापर्यंत पोचायला हवी. गरम होण्यासाठी तिला दोन डब्यांमधल्या पोकळीतून वर चढवतात. आतल्या डब्याची धग घेत ती भोकांपर्यंत येते. थंड हवेने ज्योत निवते आणि कार्बन मोनॉक्साइड न जळता निसटतो. त्याला पुरते जळायला सातशे-आठशे अंशांची धग लागते. मध्यापर्यंत पोचण्याचा प्रश्न भोकांच्या आकाराचा आहे. भोके फार बारीक असतील तर हवेची धार भिंतीलाच लगटून वर जाते आणि मधला वायू उपाशी राहतो. फार मोठी असतील तर हवा संथपणे आत पडते आणि मिसळत नाही. भोकांच्या वर मधोमध भोक असलेली एक चकती बसवली की सगळा वायू एका गळ्यातून जातो आणि त्याला हवेशी झटापट करावीच लागते. चकतीवर एक आखूड नळकांडे ठेवले की ओढ वाढते आणि ज्योतीला टोपाआधी पुरती जळायला वेळ मिळतो. माझ्या मते साध्या शेगडीत सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक या दोन तुकड्यांनी पडतो.

भोके पाडताना फॅब्रिकेशनच्या दुकानात एक गोष्ट हमखास घडते. सहा मिलिमीटरचे ड्रिल मोडलेले असते, कारागीर म्हणतो आठचे लावतो, दोन मिलिमीटरने काय होते! भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. सहाच्या जागी आठ लावले की तेवढ्याच भोकांतून पावणेदोन पटीहून अधिक वाट मोकळी होते. तळाशी असे झाले तर शेगडी बिघडलीच. म्हणून पुस्तिकेत भोकांची संख्या आणि एकूण क्षेत्रफळ दोन्ही दिले आहे. ड्रिल बदलले तर संख्या बदलून क्षेत्रफळ तेच ठेवावे. सुरुवातीला वरच्या भोकांचे एकूण क्षेत्रफळ खालच्याच्या तिप्पट-चौपट धरावे आणि आपल्या इंधनाप्रमाणे दाराने खालची हवा जुळवावी.

टोप कसा ठेवायचा हासुद्धा हवेचाच प्रश्न. टोप कडेवर घट्ट बसला की वायूची वाट बंद होते, ओढ मरते आणि धूर उलटा भोकांतून बाहेर येतो. टोप फार उंच ठेवला तर धग वाया जाते. तीन पायांवर दीड-दोन सेंटिमीटरची फट ठेवून सुरुवात करावी आणि टोपाभोवती पत्र्याची सैल कड लावावी, म्हणजे गरम वायू बुडाखालून निघून टोपाच्या अंगाला लागत वर जातो.

इंधनाबद्दल वेगळे प्रकरण आहे, पण काही गोष्टी इथेच सांगतो, कारण इंधनाचे तुकडे हाच हवेचा रस्ता असतो. अंगठ्याएवढे, एकसारखे तुकडे असले की त्यांच्यामधून हवा सगळीकडे सारखी चढते. भुसा आणि बारीक काटक्या खालची वाट बुजवतात. लांब दांडकी उभी राहिली तर त्यांच्या कडेने आग थेट तळाला उतरते. करवंटी हे या शेगडीचे आवडते खाणे : कठीण, कमी राखेची, सहज फुटणारी. फोडलेल्या तुकड्यांच्या वाट्या एकात एक बसू देऊ नयेत. पिड्याचे कोयत्याने दोन बोटे रुंदीचे तुकडे केले की ते उत्तम जळतात. सोडणे भुसभुशीत असल्याने लवकर संपते. करवंटीत मिसळून वापरावे. माणग्याचा बांबू चांगला, पण पेरे चिरूनच. बंद पेर फटाक्यासारखे फुटते. आकेशिया, काजू, आंबा यांच्या फांद्या वाळवून तोडाव्यात. सावंतवाडीच्या चितारआळीत आणि आसपासच्या लाकूडकामाच्या दुकानांत पडणारे ठोकळे मिळाले तर फारच छान. रंग किंवा पॉलिश लागलेले मात्र घेऊ नयेत.

दोन इंधने जपून. काजूबीची टरफले या भागात ढिगाने मिळतात, पण त्यांत तेल भरपूर असते आणि ते झोंबरे असते. त्याचा धूर घशाला आणि डोळ्यांना सोसत नाही. घरगुती शेगडीत ती घालू नयेत. भाताच्या तुसात वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी राख असते आणि ते इतके दाटून बसते की नुसत्या ओढीने हवा त्यातून चढत नाही. फिलिपिन्सचे ॲलेक्सिस बेलोनियो यांनी तुसावर चालणारी शेगडी यशस्वी केली ती पंखा लावून.

आणि पाऊस. सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेरेखोल नदीला पूर आला की बांद्याच्या बाजारपेठेत पाणी शिरते, आणि हवेतला दमटपणा वाळलेल्या लाकडातही परत शिरतो. ओल्या लाकडाचे नुकसान पाणी उकळण्यात जाणाऱ्या उष्णतेपुरतेच असते असे अनेकांना वाटते. तो भाग लहान आहे. मोठे नुकसान असे की वाफेने वायू पातळ होतो, पट्टीचे तापमान उतरते आणि वरची ज्योत तग धरत नाही. म्हणजे ओल हीसुद्धा हवेची वाटणी बिघडवते. पावसाची बेगमी करताना लाकूड मे महिन्यातच तोडून, तुकडे करून खोपीत भरावे. अख्खी दांडकी भरून मग श्रावणात तोडत बसू नये, कारण तुकडा जितका लहान तितका लवकर वाळतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटून टणक आवाज येतो का पाहावे. आठवडाभराचे इंधन चुलीच्या वरच्या फळ्यांवर असावे.

पंखा लावावा का? लावल्यास ज्योत आटोपशीर होते, मिसळण सुधारते, तुसासारखे इंधनही चालते. संगणकातल्या पंख्याएवढा लहान पंखा दोन-तीन वॅटमध्ये चालतो. पण ऐन पावसात, वीज गेलेली असताना, बॅटरी उतरलेली आणि समुद्राकडच्या दमट हवेने जोडण्या गंजलेल्या, अशा स्थितीत पंख्याविना न चालणारी शेगडी अडगळीत जाते. म्हणून इथल्या आराखड्यांत पंखा ऐच्छिक आहे. शेगडी आधी आपल्या ओढीवर चालली पाहिजे.

या शेगडीची खरी परीक्षा रांधणाऱ्या हातात होते. पेजेला आधी मोठी आच हवी आणि मग तासभर मंद. एका भरणात शेगडी पाऊण ते एक तास चालते, पण मधेच इंधन घालणे तिला मानवत नाही. वरून ओले-थंड तुकडे पडले की धूर ठरलेला. उकळी आल्यावर खालचे दार जवळजवळ मिटले तर वायू कमी होतो आणि आच उतरते. पेजेला तेवढी पुरते. घावणे वेगळे. बिडाच्या तव्याला मध्यम, सगळीकडे सारखी आच लागते आणि मधोमध उभी ज्योत तव्याच्या मध्यावरच जाळ करते. तव्यासाठी नळकांडे काढून टोपापेक्षा जास्त फट ठेवावी लागते. वड्यांना मोठी शेगडीच हवी, लहान शेगडी जोरात पळवून उपयोग नाही. कारागिराने मापे ठरवण्याआधी घरातल्या बाईला काय शिजवायचे आहे हे विचारले असते तर कित्येक सुधारित चुली आज वापरात दिसल्या असत्या.

धोक्यांविषयी मी स्पष्ट लिहिणार आहे. धूर दिसत नाही म्हणजे विषारी वायू नाही असे नव्हे. पट्टी तळाला पोचली की उरतो धगधगता कोळसा आणि त्यावर लहान निळसर ज्योती. त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो वासावरून ओळखता येत नाही. ही शेगडी किंवा तिचा कोळसा बंद खोलीत कधीही ठेवू नये, पावसाळ्यात कपडे वाळवायला तर मुळीच नको. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आतल्या डब्याला वापरू नये, तापल्यावर त्याची विषारी वाफ निघते. आतला डबा शक्यतो स्टेनलेस स्टीलचा असावा. साधा पत्रा पापुद्रे सुटून लवकर झिजतो.

आणि या शेगडीच्या मर्यादा. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१५२ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के असावी असे म्हटले आहे; धुरातल्या कणांची मर्यादाही पंख्याच्या चुलीसाठी अधिक कडक आहे. चांगली बनवलेली शेगडी यात बसू शकते. पण प्रयोगशाळेतला आकडा म्हणजे घरातले आरोग्य नव्हे. आफ्रिकेतल्या मलावीत पंख्याच्या आधुनिक शेगड्या देऊन दहा हजारांहून अधिक लहान मुलांवर अभ्यास झाला. २०१६ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मुलांच्या न्यूमोनियात घट दिसली नाही. शेजारची चूल, जाळलेला कचरा, जुनी चूल सोबत चालू ठेवणे, असा धूर येण्याच्या वाटा अनेक असतात. म्हणून गॅस आहे तिथे स्वयंपाक गॅसवरच करावा. गोठ्यात गुरे असतील तर गोबर गॅस या शेगडीपेक्षा केव्हाही सरस. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने आपल्याच जिल्ह्यात त्याचे मोठे काम उभे केले आहे. ही शेगडी जी आग तरीही पेटणारच आहे, त्या आगीसाठी आहे.

कोळशाचा प्रश्न उरतो. पट्टी तळाला पोचताच शेगडी रिकामी करून कोळसा झाकणाच्या डब्यात बंद केला तर इंधनाच्या वजनाचा पाचवा हिस्सा तरी हाती लागतो. तो इस्त्रीला, भाजायला चालतो, किंवा कुटून शेणखतात मुरवून आपल्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत घालता येतो. नुसता कोरडा कोळसा घालू नये, मुरवलेलाच घालावा.

पुस्तिकेची मांडणी अशी : पहिल्या भागात दोन आकारांच्या शेगड्यांची मापे, दुसऱ्यात इंधन तयार करणे, तिसऱ्यात ज्योतीचा रंग आणि आकार पाहून दोष ओळखणे, चौथ्यात पदार्थांनुसार दार आणि फट कशी ठेवायची ते. तिसरा भाग आधी वाचला तरी चालेल. ज्यांच्याकडे शेगडी आहे आणि ती धुमसते आहे, त्यांना तोच लागणार. मापे बदलायला कोणाची हरकत नाही. मात्र एका वेळी एकच माप बदलावे आणि तेच इंधन, तेच वजन, तेवढेच पाणी घेऊन फरक पाहावा. भोके, चकती आणि फट एकाच दिवशी बदलली तर शेगडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मागे जायला वाट राहत नाही.

ज्या घरांनी मागच्या पडवीत या शेगड्या चालवून पाहिल्या, ज्या कारागिरांनी पुन्हापुन्हा भोके बुजवून नवी पाडून दिली आणि ज्या बायकांनी ‘पेज लागली’, ‘घावणो मधी करपलो’ असे रोखठोक सांगितले, त्यांचे आभार. पुढच्या आवृत्तीसाठीही तक्रारीच हव्या आहेत. तक्रार लिहिताना इंधन कोणते, किती वाळलेले, दार किती उघडे आणि वर काय शिजत होते, एवढ्या चार गोष्टी कळवल्या की तिच्यावर काम करता येते.

बांदा, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग